चेहऱ्यावरचं तेज

दर रविवारी सकाळी त्या जुन्या गोदामात मुंगीला शिरायला जागा उरत नसे. एके काळी तिथे खताच्या गोण्या रचलेल्या असत. आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर माणसं. दम्याने धापा टाकणारी, गुडघे धरून बसलेली, खाजवून खाजवून हैराण झालेली, कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेत आलेली. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते भिंतीला पाठ लावून उभे. आणि समोर, पांढऱ्या कापडाने झाकलेल्या मंचावर, पांढऱ्याच कपड्यांत निवांतबाबा.

बाबांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं होतं, आणि धंद्याला साजेसं घेतलेलं होतं.

"रोग किती?" बाबा विचारायचे.

"एक!" गर्दी ओरडायची.

"त्याचं नाव?"

"ताण!"

"बरोब्बर! संधिवात म्हणजे काय? सांध्यात अडकलेला ताण. दमा म्हणजे? छातीत कोंडलेला ताण. अंगावरचं पुरळ म्हणजे? कातडी फोडून बाहेर पडू बघणारा ताण. आणि डॉक्टर काय करतो? हातात बिल देतो. म्हणजे आणखी ताण!" हशा पिकायचा. बाबा तो ओसरू द्यायचे. "मी काय देतो?"

"निवांतपणा!"

हा निवांतपणा कागदाच्या पुडीत बांधलेला असायचा. पांढरी, किंचित गोडसर पूड. जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि श्वास सोडताना "सोडलं, सोडलं" म्हणायचं. बस्स. दोन-तीन दिवसांत आखडलेली बोटं सुटायची, छातीतली घरघर थांबायची, पुरळ विरून जायचं. थट्टा करायला आलेला माणूस पुढच्या रविवारी बायकोला घेऊन यायचा.

मग बाबा हात वर करायचे. "आता पुरावा बघा! या, बाई!"

पहिल्या रांगेतून पीटीच्या बाई उठायच्या. कठड्याला हात न लावता मंचाच्या पायऱ्या चढायच्या, वर जाऊन दोन्ही हात डोक्यावर उंच करायच्या, मुठी आवळायच्या, उघडायच्या. त्या हातांकडे बघून बायका डोळे पुसायच्या, कारण वर्षभरापूर्वी त्याच हातांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, हे निम्म्या गावाला माहीत होतं. उरलेल्या निम्म्याला त्यांनी शाळेत मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

बाईंचा आवाज असा, की मैदानाच्या पार टोकाला रेंगाळणारं पोरही "सावधान" ऐकून जागच्या जागी खिळायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कधी खुर्चीत बसून शिकवलं नाही. अंगाने काटक, चालणं ताठ. आणि अशा बाईंना संधिवाताने गाठलं. आधी बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी अंथरुणातून उठायलाच तासभर लागायचा. दवाखान्यातली औषधं सुरू केली, पण ती अंगी लागायला वेळ घेतात हे ऐकून घेण्याइतका धीर त्यांच्यात उरला नव्हता. धाकट्या बहिणीने अंगावरच्या जुनाट पुरळासाठी बाबांची पुडी सुरू केली होती. तीच बाईंना हाताला धरून घेऊन गेली.

"ताई, एकदा घेऊन तर बघ. जायचं काय आहे त्यात?"

तिसऱ्या दिवशी बाईंनी ओला टॉवेल पिळला. स्वतःच्या हातांनी, पाण्याचा शेवटचा थेंब निघेपर्यंत. आणि मोरीतच उभं राहून हमसून हमसून रडल्या. दवाखान्यातल्या गोळ्या त्याच दिवशी कपाटात गेल्या.

हे सांगायलाच हवं. बाई मूर्ख नव्हत्या. वेदना थांबली होती, आणि ज्याची वेदना थांबते तो आधी हात जोडतो, प्रश्न नंतर विचारतो.

मग काही महिन्यांनी बाईंचा चेहरा भरायला लागला. गाल वर आले, हनुवटी गोल झाली, डोळे गालांत रुतल्यासारखे दिसू लागले. बाबा खूश झाले. "तेज!" ते माइकवरून म्हणाले. "ताण उतरला की चेहऱ्यावर तेज चढतं. बघा या बाईंकडे, पौर्णिमेचा चंद्र!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईही लाजून हसल्या.

पण हे तेज चेहऱ्यावर थांबेना. पोट सुटलं. मानेच्या मागे, खांद्यांच्या मधोमध, मांसाचा उंचवटा आला. आणि नवल असं, की हात-पाय मात्र वाळत चालले. भूक अशी लागायची की जेवून हात धुतला तरी पोटात खड्डा. घरात कुजबुज सुरू झाली. सून बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवायला लागली. एक दिवस मुलगा न राहवून बोललाच.

"आई, जरा तोंडाला आवर घाल. या वयात शोभतं का हे?"

जन्मभर दुसऱ्यांना आहार शिकवलेल्या बाईंना ते शब्द चाबकासारखे लागले. त्यांनी एक वेळचं जेवण सोडलं. पोट तसूभरही हललं नाही. बाबांना विचारलं, तर ते डोळे मिटून म्हणाले, "शरीर जड होत नाही, बाई. मन जड होतं. कुठेतरी शंका ठेवलीय तुम्ही मनात. पुडी वाढवा."

बाईंनी पुडी वाढवली.

याच सुमारास पोस्टमन गेला. दम्यासाठी दीड-दोन वर्षं पुडी घेणारा, सगळ्यांना हसून पत्रं देणारा माणूस. फुगत चाललेलं त्याचं शरीर बघून त्याची बायको धास्तावली आणि तिने घरातल्या सगळ्या पुड्या मोरीत ओतून टाकल्या. आठवडा उलटायच्या आत पोस्टमनला उलट्या सुरू झाल्या, अंगातलं बळ गेलं, तो घरातच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या रविवारी बाबांनी घोषणा घेतल्या नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "मी कुणाला धरून ठेवत नाही. ज्याला जायचं त्याने जावं. पण निवांतपणाकडे पाठ फिरवली की साचलेला ताण एकदम उसळतो. मी काय करू?"

त्यानंतर पुडी सोडायचं नाव कुणी काढलं नाही. पोस्टमनची बायकोसुद्धा परत येऊ लागली. दम्याचा जुना त्रास तिलाही होता, आणि आता भीतीही. ती कोपऱ्यात बसायची आणि कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही.

बाईंचे डोळे उघडले ते एका स्टुलामुळे. मोरीतल्या बुटक्या स्टुलावर बसून त्या पाय धूत होत्या. उठायला गेल्या, तर उठताच येईना. गुडघे दुखत नव्हते. सांधे सुटे होते. मांड्यांत जोरच नव्हता. ज्या बाईने पोरांकडून बैठका काढून घेतल्या आणि स्वतःही त्यांच्याबरोबर काढल्या, ती नळाला धरून, भिंतीला धरून, कशीबशी उभी राहिली. उठताना नडगी नळाच्या कडेला घासली, तर कातडी कागदासारखी फाटली. ती जखम काही केल्या भरेना. शेवटी बाई सरकारी दवाखान्यात गेल्या.

तपासायला बसलेली डॉक्टर त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. शाळेत धावण्यात नेहमी शेवटची यायची म्हणून बाई तिला 'कासव' म्हणायच्या, आणि ते नाव तिला चिकटलं ते कायमचं.

"बाई, तुम्ही?" कासव उठून उभी राहिली. तिने बाईंना ओळखलं ते आवाजावरून. चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही, हे तिने लपवलं नाही.

तिने जखम बघितली, पण नजर जखमेवर ठरेना. तिने मानेमागचा उंचवटा चाचपला. दंडाचे स्नायू दाबले. पोटावरचे जांभळे पट्टे बघितले. रक्तदाब घेतला आणि ओठ मिटून घेतले. साखर तपासली, तीही चढलेली.

"बाई, स्टेरॉइडच्या गोळ्या कोण देतं तुम्हाला?"

"काय बोलतेस! गोळीला मी वर्षभर हात लावला नाही. बाबांची पुडी घेते फक्त. शुद्ध वनस्पती आहे ती."

"कुठली वनस्पती?"

हा प्रश्न बाईंनी कधी विचारलाच नव्हता. शाळेतल्या पोराने डब्यात काय आणलंय हेसुद्धा उघडून बघणारी बाई!

कासवाने दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, आणि बाईंच्या पर्समधली एक पुडी मागून घेतली. "ही मी प्रयोगशाळेत पाठवते. तोवर पुडी बंद करू नका. ऐकताय ना? एकही पुडी चुकवू नका."

"म्हणजे चांगली आहे ती?"

"नाही. ती काय आहे ते कळेपर्यंत एकदम सोडणं धोक्याचं आहे."

रक्ताचा निकाल आधी आला. कासवाने खोलीचं दार लावून घेतलं.

"बाई, शर्यतीआधी तुम्ही आम्हाला रेषेवर उभं करायचात. छाती धडधडायची, तोंडाला कोरड पडायची. अशा वेळी मूत्रपिंडांच्या टोकांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी रक्तात एक हार्मोन वाढवतात. कॉर्टिसॉल. ताणाचं हार्मोन म्हणा. ते शरीराला हुकूम सोडतं, तुमच्यासारखाच. संकट आलंय, साखर बाहेर काढा, लागलं तर स्नायू मोडून इंधन करा. सूज, जखमा, ते सगळं नंतर बघू. मग भूक वाढवतं, पोटाशी चरबी साठवायला लावतं, पुढच्या संकटाची बेगमी म्हणून. काम झालं की शरीर त्याला विझवून टाकतं. थोडा वेळ असलं तर ते जीव वाचवतं."

"आणि जास्त वेळ राहिलं तर?"

"तर संकट संपतच नाही. साखर चढलेली राहते, मधुमेह होतो. रक्तदाब वाढतो. हाडं ठिसूळ होतात, कातडी पातळ होते, मांड्या-दंड झिजतात. आणि चरबी चेहऱ्यावर, पोटावर, मानेमागे जाऊन बसते. तुम्हाला बघून कुठलाही डॉक्टर म्हणेल, या बाईंच्या अंगात ताणाच्या हार्मोनचा पूर आलाय."

"मला कसला एवढा ताण?"

"तीच तर गंमत आहे. तुमच्या रक्तात तुमचं स्वतःचं कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. घरात गुडघाभर पाणी आणि नळ मात्र कोरडा! मग पाणी आलं कुठून? बाहेरून. कारखान्यात बनवलेला तसाच पदार्थ, म्हणजे स्टेरॉइड, पुडीत असणार. आपल्या हार्मोनपेक्षा कितीतरी पट जहाल, आणि शरीराला सहज विझवता न येणारा. तो सूज दाबतो, म्हणून तुमची बोटं सुटली. दमेकऱ्याची छाती सुटते, पुरळ विरतं. आजार तिथेच असतो. फक्त त्याचं तोंड दाबलेलं असतं."

बाईंनी आपली बोटं मिटून, उघडून बघितली. मग म्हणाल्या, "म्हणजे तो मेला ताण घालवतो म्हणून ताणच चाटवतोय आम्हाला?"

"आणि वर त्याला निवांतपणा म्हणतोय."

"आणि मी अन्न सोडून बसले होते. कासवा, माझ्या पोराने मला खादाड ठरवलं गं."

"प्रत्येक वाढलेल्या पोटामागे हेच कारण नसतं, बाई. पण तुमच्या पोटामागे आहे. तुम्ही जास्त खाल्लंत म्हणून हे झालं नाही. हे झालं म्हणून भूक वाढली."

बाईंना एकदम पोस्टमन आठवला. पुड्या ओतून दिल्यावर तो आठवडाभरात कसा गेला, ते त्यांनी सांगितलं. कासवाने मान हलवली. "बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर आपल्या ग्रंथी झोपी जातात. पुडी एका दिवसात बंद केली तर त्या एका दिवसात जाग्या होत नाहीत. मग अंगात ना बाहेरचं हार्मोन, ना स्वतःचं. रक्तदाब कोसळतो, माणूस जातो. त्याला बाबाचा शाप लागला नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही, की हे हळूहळू उतरवायचं असतं."

"हे औषधच बंद करायला हवं सगळीकडे!"

"नाही. दम्याच्या जोरदार झटक्यात हेच आम्ही देतो, आणि जीव वाचतात. मोजून, लक्ष ठेवून, आणि पेशंटला सांगून. गुन्हा औषधाचा नाही. ते चोरून चाटवण्याचा आहे."

कासवाने पुडीच्या जागी मोजलेली गोळी सुरू केली, हळूहळू कमी करायची. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचं उत्तर आलं. पिठीसाखर, आणि तिच्यात कुटलेलं स्टेरॉइड. वनस्पती नावालाही नव्हती. औषध खात्याला कळवलं गेलं. त्यांनी रविवारीच धाड घालायची ठरवली, कारण त्या दिवशी पुड्या आणि बाबा दोन्ही एका जागी सापडणार होते.

बाई कासवाला सोबत घेऊन औषध निरीक्षकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पुड्या जिथून बाहेर येतात त्या मागच्या खोलीत खुशाल जा. पण मंचावर चढायच्या आधी मला बोलू द्या."

"बाई, तुम्ही कशाला या भानगडीत पडता?"

"मीच तर भानगड आहे! वर्षभर मला तिथे उभं करून त्याने माल विकलाय. तुम्ही त्याला नुसता धरून नेलात, तर लोक म्हणतील, चांगल्या माणसाला छळलं. उद्या दुसरा बाबा येईल, लोक त्याच्याकडे जातील. त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे."

"जरूर बोला," कासव म्हणाली. "पण एक शब्द तोंडातून काढायचा नाही. 'फेका.' तुम्ही पुड्या फेका म्हणालात, आणि शे-दोनशे माणसांनी खरंच फेकल्या, तर त्यातली काही पोस्टमनच्या वाटेने जातील."

रविवारी गोदाम नेहमीसारखंच भरलं. रोग किती, एक. नाव काय, ताण. मग हात वर गेला. "आता पुरावा बघा! या, बाई!"

बाई मंचावर गेल्या. आज त्यांनी कठडा धरला. वर जाऊन हात उंच केले नाहीत. बाबांच्या हातातला माइक घेतला, तो बंद केला आणि बाजूला ठेवला. त्यांना माइकची गरज कधीच नव्हती.

"सगळ्यांनी ऐका!"

निम्मी माणसं सवयीने ताठ झाली.

"माझी बोटं सुटली हे खरं आहे. कशाने सुटली ते आज सांगणार आहे. आधी एक साधा व्यायाम करू. खुर्चीत बसलेल्यांनी दोन्ही हात छातीवर बांधा. हात न लावता उभं राहायचं. उठा!"

खुर्च्या करकरल्या. काही उठले. काही अर्धे उठले आणि परत बसले. काही हललेच नाहीत, नुसते लालबुंद झाले. आधी कुणीतरी खिदळलं. मग हसू विरलं.

"वय झालंय आमचं, बाई!" कुणीतरी ओरडलं.

"असं? आजी, तुम्ही उठलात ना? तुमचं वय काय?"

"ऐंशी उलटली गं! मी नातीसोबत आलेय, मला नाही काही आजार."

"पुडी घेता?"

"छे! मला कशाला?"

"आणि तू रे, ड्रायव्हर? अजून तिशी नाही तुझी. का बसलायस?"

धष्टपुष्ट, गोल चेहऱ्याचा तो तरुण ड्रायव्हर पुन्हा एकदा उठायला गेला. मांड्या थरथरल्या आणि तो धपकन बसला. "वर्षभर घेतोय," तो म्हणाला. "दम्यासाठी."

"जे उठलेत त्यांनी हात वर करा. यात वर्षभर पुडी घेणारे किती?" दोन-तीनच हात वर राहिले. "आणि जे उठू शकले नाहीत, त्यातले किती?" हातांचं रान उठलं.

बाईंनी पहिल्या रांगेकडे बघितलं. त्यांची धाकटी बहीण तिथे बसली होती. हात छातीवर घट्ट बांधलेले, डोळ्यांत संताप, कारण ताई बाबांची बदनामी करतेय. पण ती उभी नव्हती.

"उठ," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"ताई, नाटकं पुरे कर."

"उठून दाखव, आणि मी इथून गुपचूप खाली उतरते."

बहिणीने जोर लावला. पुन्हा लावला. मग तिचे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले, आणि हात गेले हे कळल्यावर तिचा चेहरा पडला.

"आता उजवा हात मानेमागे न्या," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "खांद्यांच्या मध्ये उंचवटा लागतो का बघा. शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघा. एका आईच्या पोटची असल्यासारखी दिसायला लागलोय ना आपण सगळी? याला हा माणूस तेज म्हणतो. बाबा, मग हे तेज तुमच्या चेहऱ्यावर का नाही? तुमचे गाल बसलेले का? सगळ्या जगाचा ताण तुम्ही घेता, मग सगळ्यात जास्त पुड्या तुम्हालाच लागायला हव्यात!"

कुठेतरी फसकन हसू फुटलं. बाबा उभे राहिले. आवाज अजून मधाळ होता. "बाईंच्या मनात शंकेने घर केलंय. मी शाप देत नाही. पण पाठ फिरवणाऱ्यांचं काय होतं ते तुम्ही बघितलंय. बाई, पुडी सोडून दाखवा. आठवड्यात पडाल."

"पडेन!" बाई गरजल्या. "एकदम सोडली तर नक्की पडेन! आणि का पडेन तेही मला माहीत आहे. तुला माहीत होतं का, ते सांग!"

मग बाईंनी सगळं सांगितलं. ताणाचं हार्मोन, कोरडा नळ, पिठीसाखरेत कुटलेल्या गोळ्या, झोपी गेलेल्या ग्रंथी. शाळेत खो-खोचे नियम सांगायच्या तसं, सोप्या शब्दांत, न अडखळता. शेवटी म्हणाल्या, "म्हणून कुणीही आज पुडी बंद करायची नाही. इथून सरळ दवाखान्यात जायचं. डॉक्टर तपासून गोळी देतील, ती हळूहळू उतरवतील. घाबरून सोडू नका, आणि घाबरून घेतही राहू नका."

कोपऱ्यातून पोस्टमनची बायको उठली. ती उठली तीही खुर्चीला धरूनच.

"म्हणजे ते शापाने गेले नाहीत?"

"नाही."

"मग मी मारलं त्यांना," ती म्हणाली. "मीच ओतल्या पुड्या मोरीत."

बाई मंचावरून उतरल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही नवऱ्याच्या जिवासाठी विष ओतून दिलंत. ते सोडायचं कसं, हे सांगायचं काम विष देणाऱ्याचं होतं. त्याने सांगितलं नाही. उलट तुमच्या घरचा माणूस गेला त्याची त्याने इथे जाहिरात केली."

पोस्टमनची बायको वळली आणि तिने पहिल्यांदाच बाबांकडे सरळ बघितलं. बाबांची बोबडी वळली. "मी... मला मागच्या खोलीतल्यांनी..." एवढंच त्यांच्या तोंडातून निघालं, आणि त्याच क्षणी मागच्या खोलीचं दार उघडलं. औषध निरीक्षक मिक्सरचं भांडं हातात घेऊन बाहेर आले. भांड्याच्या कडांना पांढरी पूड चिकटलेली होती. त्यांच्यामागून आलेल्या शिपायाने गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेलं पोतं मंचावर उपडं केलं. ती पाकिटं पायऱ्यांवरून घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत आली. बहिणीने एक उचललं. त्यावरचं नाव ती कितीतरी वेळ वाचत राहिली.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत, आणि गेले असं सांगणं म्हणजे आणखी एक थाप झाली असती. दवाखान्याच्या व्हरांड्यात रांगा लागल्या. कुणाला मधुमेह निघाला, कुणाची हाडं ठिसूळ झालेली. बाईंची बोटं पुन्हा सुजली, पुन्हा दुखली. संधिवात कुठे गेलाच नव्हता. त्याची खरी औषधं सुरू झाली आणि या वेळी बाईंनी त्यांना वेळ दिला. चेहरा हळूहळू ओळखीचा होत गेला. मांड्यांत जोर यायला सगळ्यात जास्त दिवस लागले. मुलगा एकदा त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि "आई, मी बोललो ते..." एवढं म्हणून अडला. बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं तू विचारशील काय झालंय. तू ठरवून टाकलंस." मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाई आता रोज सकाळी त्या व्हरांड्यात असत. पुडी घेतलेल्यांकडून खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम करून घेत आणि गोळी चुकवणाऱ्यांना फैलावर घेत. बहीण पहिल्या दिवसापासून येत होती, पण ताईशी बोलत नव्हती. एका सकाळी रांगेतच ती फणकारली.

"तू कितीही बोल, ताई. आराम पडला होता, हे खोटं नाही. अंगावरचं पुरळ गेलं होतं माझं. कितीतरी वर्षांनी मी शांत झोपले होते. ते काय स्वप्न होतं?"

रांगेतल्या माना वळल्या. तो प्रश्न सगळ्यांच्याच पोटात होता.

"स्वप्न नव्हतं," बाई म्हणाल्या. "मीही टॉवेल पिळून रडले होते. आराम खरा होता गं. आराम पडला म्हणून लाज वाटून घेऊ नकोस. पण आराम पडल्यावर आपण विचारायला हवं होतं, कशाने पडला? काय आहे यात? किती दिवस घ्यायचं? सोडायचं कसं? चार साधे प्रश्न. खरं औषध देणारा त्यांची उत्तरं देतो, नसतील तर माहीत नाही म्हणतो. आपण विचारलं की ज्याला राग येतो, जो आपल्यालाच म्हणतो तुझ्या मनात शंका आहे म्हणून तू बरी होत नाहीस, त्याच्या हातचं पाणीही प्यायचं नाही. शंका हा आजार नाही. शंका आहे म्हणून आपण जिवंत आहोत."

आतून बहिणीचा नंबर पुकारला गेला. ती आत गेली, कासवासमोर बसली आणि हातातली नवी गोळी टेबलावर ठेवली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आधी मला सांगा, यात काय आहे?"